घरी विमान बनवायला कोटभर रुपये लागतात का? चकाचक विमानांच्या गर्दीत विसरलेल्या साध्या विमानांची गोष्ट

जुलै २०२२ मध्ये एक बातमी सगळ्यांच्या फीडवर फिरत होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मूळच्या केरळच्या एका इंजिनियरने लॉकडाऊनच्या काळात चार सीटचं विमान स्वतः जोडलं आणि त्यात बसून युरोपात फिरूनही आला. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, आतून एखाद्या महागड्या कारसारखं विमान. दक्षिण आफ्रिकेतल्या स्लिंग कंपनीचं किट होतं. खर्च १ लाख ४० हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा कोटीच्या पुढे. कमेंटमध्ये सगळीकडे एकच सूर होता, 'पैसा असेल तर काय, काहीही होतं.'

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, आणखी एक बातमी आली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची. वेल्डिंगचं काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने दोन वर्षं खपून एका सीटचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. रात्री चाचणी घेताना पातं तुटलं, डोक्याला मार लागला आणि तो गेला. तिथल्या कमेंटमधला सूर वेगळा होता. हळहळ होती, आणि 'नसतं धाडस कशाला' हेही होतं.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की असं वाटतं, घरी विमान बनवायचे दोनच मार्ग आहेत. एक तर कोटभर रुपये खर्च करा, नाहीतर जीव धोक्यात घाला.

पण एक तिसरा मार्ग आहे. तो जवळपास शंभर वर्षं जुना आहे आणि आजही चालू आहे. सुतारकाम जमणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या लोकांनी त्या मार्गाने हजारो विमानं बनवली आणि उडवली. दिसायला ती फारशी बरी नसतात, त्यामुळे त्यांची रील बनत नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष.

मुळात घरी विमान बनवायला परवानगी असते?

अमेरिकेत असते, आणि बऱ्यापैकी सढळ हाताने असते. तिथे 'एक्सपेरिमेंटल ॲमेच्युअर बिल्ट' नावाचा एक प्रकार आहे. यातली मुख्य अट लोक '५१ टक्क्यांचा नियम' म्हणून ओळखतात. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि ते शिकण्यासाठी किंवा स्वतःच्या आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. धंद्यासाठी नाही.

विमान तयार झालं की तपासणी होते. मग ठरवून दिलेल्या भागात, एकट्याने, साधारण २५ ते ४० तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द दिसेल असा लिहावा लागतो, म्हणजे शेजारी बसणाऱ्याला आपण कशात बसतोय ते कळावं. बदल्यात एक मोठी सवलत मिळते. ज्याने विमान बनवलं, त्याला त्याची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. गाडी घेतल्यावर सर्व्हिसिंगचा खर्च कसा अंगावर येतो हे आपल्याला माहीतच आहे, विमानाचा तर विचारूच नका. त्यामुळे ही सवलत म्हणजे दरवर्षीची मोठी बचत.

अशी ३० हजारांहून जास्त विमानं आज अमेरिकेत नोंदलेली आहेत. तुलनेसाठी सांगते, उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांमध्ये दिसणारं कारखान्यातलं चार सीटचं सेसना १७२ नवं घ्यायचं तर ४ लाख डॉलरच्या पुढे जातं. म्हणजे विमान उडवायचं असेल आणि गडगंज नसाल, तर स्वतः बनवणं हा तिथे हट्ट नाही, हिशोब आहे.

८०० डॉलरचं विमान

ही चळवळ उभी करणारा माणूस म्हणजे पॉल पोबेरेझनी. १९५३ मध्ये त्याने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मोजक्या विमानवेड्यांना जमवून एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, सुरू केली.

सुरुवातीला ती अगदी घरगुती होती. मग १९५५ मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या लोकप्रिय मासिकात पोबेरेझनीची लेखमाला आली. विमान होतं 'बेबी एस', आणि मुखपृष्ठावर दावा होता की इंजिनासकट हे विमान ८०० डॉलरच्या आत बनतं. आजच्या हिशोबाने ही रक्कम नऊ हजार डॉलरच्या आसपास जाते, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्या कारएवढी. त्या एका मुखपृष्ठाने ईएए घराघरांत पोचली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ते मासिक श्रीमंतांचं नव्हतं. घरचं कपाट, कुत्र्याचं खोपटं, रेडिओ स्वतः बनवणाऱ्या लोकांचं होतं. विमानाकडेही तशीच एक वस्तू म्हणून बघा, असं त्यांना सांगितलं जात होतं.

आणि हे पोबेरेझनीच्याही आधी घडलेलं होतं. मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक खेडं आहे. तिथल्या बर्नार्ड पिएतेनपोल नावाच्या माणसाने १९२९ च्या सुमारास लाकूड आणि कापडाचं दोन सीटचं विमान बनवलं, 'एअर कँपर'. त्याला बसवलं फोर्ड मॉडेल ए या मोटारीचं इंजिन. साधारण ४० हॉर्सपॉवरचं, भंगारवाल्याकडेही मिळेल असं. त्या काळी 'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाच्या संपादकाचं म्हणणं होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान नीट उडू शकत नाही. पिएतेनपोल वाद घालत बसला नाही. १९३० मध्ये तो आणि त्याचा मित्र अशी दोन विमानं घेऊन थेट त्या संपादकाच्या गावी उतरले. पुढे त्याच प्रकाशनाच्या १९३२ च्या पुस्तिकेत एअर कँपरचे आराखडे छापून आले.

त्या आराखड्यांवरून आजही लोक विमान बनवतात. मला या सगळ्या शोधाशोधीत सगळ्यात भारी हेच वाटलं. माझा फोन तीन वर्षांत जुना होतो, आणि इथे १९३२ च्या कागदावरून काढलेलं विमान आजही आकाशात जातं.

साधं म्हणजे नेमकं कसं?

समजा तुम्हाला एका माणसाला उडवणारं, कमीत कमी कटकटीचं विमान बनवायचंय. सॅन दिएगोच्या कॉनव्हेअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम इव्हान्स या इंजिनियरने १९६० च्या दशकात नेमका हाच विचार केला. त्याचं विमान १९६८ मध्ये उडालं. नाव 'फोक्सप्लेन'. फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी, तसं हे लोकांचं विमान. इंजिनही फोक्सवॅगन बीटल गाडीचंच.

फोक्सप्लेनचा फोटो शोधून बघा. हसू येईल. खोक्याला पंख लावलेत असं दिसतं. पण त्या खोक्यामागे पूर्ण विचार आहे. विमानाचा गोलाकार, निमुळता सांगाडा बनवायचा तर प्रत्येक आडवी चौकट वेगळ्या मापाची, वाकडी कापावी लागते. साचे लागतात, वेळ लागतो, चुका होतात. सपाट बाजूंचं खोकं असेल तर प्लायवूडचे सरळ तुकडे कापा, चिकटवा, झालं. वर छत नाही, दार नाही, पायलट उघड्यावर बसतो. इव्हान्सने बनवायला सोपं आणि उडवायला सुरक्षित या दोन गोष्टी धरल्या, आणि वेग व देखणेपणा जाणीवपूर्वक सोडून दिले.

आता याचं गणित बघू, कारण खरी मजा तिथे आहे.

फोक्सप्लेनचं रिकामं वजन साधारण २०० किलो. उडताना जास्तीत जास्त ३४० किलो चालतं. म्हणजे हातात राहिले १४० किलो. टाकीत ३० लिटर पेट्रोल बसतं, ते झालं साधारण २२ किलो. कपड्या-बुटांसकट पायलट ८५ किलोचा धरला तर उरले ३३ किलो. आता या विमानाला सुंदर करायला घ्या. गुळगुळीत दिसावं म्हणून लांबीचे थर, वर रंगाचे थर, चकाकी, गुबगुबीत सीट, आतून अस्तर, दोन मोठे डिजिटल स्क्रीन, त्यांना पुरेल अशी बॅटरी. बघता बघता ३० किलो होतात. विमान तेच, इंजिन तेच, पण आता ते धावपट्टीवर जास्त पळतं, हळू चढतं आणि उन्हाळ्याच्या दुपारी आणखी हळू चढतं.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. त्याच्या खाली गेलं की पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत, याला 'स्टॉल' म्हणतात. हलकं विमान आणि मोठा पंख असेल तर हा वेग कमी असतो, म्हणून ते हळू उतरू शकतं. इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर हाच आकडा जीव वाचवतो किंवा घेतो. कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० किलोमीटरने टेकणारं विमान आणि ९० ने टेकणारं विमान यांत वेग दीडपट आहे, पण एकाच वजनाला ऊर्जा सव्वादोन पट.

त्यामुळे 'हळू चालतं' ही साध्या विमानाची तक्रार नाही. पहिल्यांदाच बनवणाऱ्या आणि पहिल्यांदाच उडवणाऱ्या माणसासाठी तो त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

मग चकाचक विमानं आली कुठून?

ईएएनेही सुरुवातीला साधेपणालाच बक्षीस दिलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी स्पर्धा जाहीर केली. विमान स्वस्त हवं, घरी बनवता यायला हवं आणि पंख घडी करून गाडीमागे ओढत घरी नेता आलं पाहिजे. म्हणजे हँगरच्या भाड्याचाही विचार केला होता. १९६२ मध्ये ती स्पर्धा जिंकली पीट बॉवर्स या बोइंगच्या इंजिनियरच्या 'फ्लाय बेबी' या लाकडी विमानाने.

पुढे चित्र बदलत गेलं. बर्ट रुटानने १९७५ मध्ये 'व्हॅरीईझी' आणि मग 'लाँग-ईझी' ही फोम आणि फायबरग्लासची विमानं आणली. ती वेगवान होती, अंतराळयानासारखी दिसायची आणि घरी बनवलेली गोष्टही इतकी सुंदर असू शकते हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेनच्या 'आरव्ही' विमानांनी ॲल्युमिनियमच्या किटचा जमाना आणला. अशी ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. १९८६ मध्ये सेसनाने छोट्या पिस्टन विमानांचं उत्पादन थांबवलं, ते दहा वर्षं बंदच होतं. त्या काळात ज्यांना नवं विमान हवं होतं त्यांच्याकडे किटशिवाय फारसा पर्यायच उरला नाही. मग पैसेवाले ग्राहक आले, आणि त्यांच्यामागे महागडे पडदे, चामड्याच्या सीट आणि एखाद्या फ्लॅटच्या किमतीची रंगरंगोटी आली.

दरवर्षी जुलैच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावात ईएएचा मेळावा भरतो. अलीकडे साडेसहा लाखांहून जास्त लोक येतात, दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जत्रेसारखंच, फक्त आकाशातून येणारं. तिथे उत्तम कारागिरीच्या विमानांना चार्ल्स लिंडबर्गच्या नावावरून 'लिंडी' नावाचं मानचिन्ह मिळतं. विजेती विमानं बघून खरंच डोळे दिपतात. एकही रिव्हेट वाकडा नाही, कुठे रंगाचा ओघळ नाही.

मला त्या कारागिरीबद्दल आदरच आहे. जो माणूस दहा वर्षं घासूनपुसून एक वस्तू परिपूर्ण करतो त्याला नावं ठेवणारी मी कोण? प्रश्न त्याच्या विमानाचा नाही. त्याचं विमान बघून जो माणूस गर्दीत मागे उभा राहतो आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून घरी जातो, त्याचा आहे. गणपतीच्या मोठ्या मंडळांचे देखावे बघून कोणी घरचा गणपती बसवायचं सोडत नाही. इथे मात्र तसं होतं.

अर्धवट राहिलेली विमानं

आरव्हीसारख्या किटला साधारण दीड-दोन हजार तास काम धरतात. आठवड्याला आठ तास म्हणजे प्रत्येक रविवार पूर्ण दिला, तरी दीड हजार तासांना साडेतीन वर्षं लागतात. यात मुलांच्या परीक्षा, आजारपण, नोकरी बदलणं धरलेलं नाही. त्यात बक्षीसपात्र विमानाचा ध्यास लागला की प्रत्येक जोड दोनदा होतो. मग गॅरेजमध्ये पंख नसलेलं विमान धूळ खात पडतं आणि एक दिवस 'अर्धवट प्रकल्प, विकणे आहे' अशी जाहिरात येते. अमेरिकेत अशा जाहिराती शोधायला कष्ट पडत नाहीत.

इंग्लंडच्या जॉन टेलरची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. लंडनजवळच्या इलफर्डमध्ये त्याने वरच्या मजल्यावरच्या घरातच विमान बनवलं, कारण दुसरी जागाच नव्हती. विमानाची मापं खोलीच्या मापांवरून ठरली. १९५९ च्या जुलैमध्ये ते उडालं. मुंबईत वन रूम किचनमध्ये वाढलेल्या कोणालाही हा माणूस आपला वाटेल.

महागड्या विमानांनी आणखी एक अडचण आणली. निम्मं काम स्वतः करायचा कंटाळा असेल तर पैसे देऊन करून घेणारे लोक आले. कागदावर 'मी बनवलं', प्रत्यक्षात पगारी माणसांनी बनवलं. ही पळवाट इतकी वाढली की अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २००८-०९ मध्ये ५१ टक्क्यांच्या नियमाची तपासणीच नव्याने कडक केली. ज्या सवलतीवर साधा माणूस उडू शकतो, ती सवलतच श्रीमंतांच्या आळसापायी धोक्यात आली होती. मला विचाराल तर शोपीस विमानांबद्दलची सगळ्यात रास्त तक्रार हीच आहे.

पण स्वस्त म्हणजे सुरक्षित का?

नाही. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण या चळवळीचा सगळ्यात महागडा धडा स्वस्त विमानानेच शिकवला.

१९३३ मध्ये फ्रान्सच्या आँरी मिन्येने 'पू-द्यू-सिएल' नावाचं विमान बनवलं. इंग्रजीत त्याला 'फ्लाइंग फ्ली' म्हणतात, म्हणजे उडती पिसू. पायाने चालवायचं काही नाही, सगळं एका दांड्यावर. पुढे एक पंख, मागे एक पंख, आणि पुढचा अख्खा पंख वर-खाली कलतो. लाकडी खोकं ठोकता येणाऱ्या कोणालाही हे जमेल असा त्याचा प्रचार होता, आणि त्याचं पुस्तक आल्यावर युरोप खरोखर वेडा झाला. एकट्या ब्रिटनमध्ये अशी शंभराहून जास्त विमानं बनली.

मग एकामागून एक माणसं मरायला लागली. विमान नाक खाली करायचं आणि पायलटने दांडा ओढला तरी वर यायचं नाही. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये मोठ्या वायुबोगद्यांत, म्हणजे जिथे पंख्यांनी वारा सोडून विमान तपासतात तिथे, चाचण्या झाल्या तेव्हा कारण कळलं. दोन पंख इतके जवळ होते की पुढचा पंख वर कलला की दोघांच्या मधून जाणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवायची. त्यामुळे दांडा ओढून नाक वर यायच्या ऐवजी आणखी खाली जायचं. घाबरलेला माणूस जे करणार, तेच त्याला मारत होतं. विमानावर बंदी आली. पुढे रचना सुधारली आणि त्या घराण्यातली विमानं फ्रान्समध्ये आजही उडतात. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणजे साधं असून भागत नाही. साधं आणि पारखलेलं असावं लागतं. पिएतेनपोल, फ्लाय बेबी, फोक्सप्लेन यांची किंमत त्यांच्या लाकडात नाही. आधी बनवलेल्या माणसांनी काय चुकलं, काय तुटलं, काय बदललं हे दशकानुदशकं एकमेकांना सांगितलं, त्यात आहे.

आणि पारखलेलं असलं तरी त्यात मनाने बदल केले की काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझी विमानात मरण पावला. विमान त्याने स्वतः बनवलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलेलं होतं. रुटानच्या आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलायचा खटका पायलटच्या पायांच्या मध्ये होता. हे विमान बनवणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. तो फिरवायला अंग वळवावं लागायचं. तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने अपघाताच्या कारणांमध्ये त्या जागेचा स्पष्ट उल्लेख केला. विमान बाहेरून झकास होतं, खटका चुकीच्या जागी होता.

याच एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बनवलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या खासगी विमानांत यांचा वाटा जवळपास १० टक्के होता, पण जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. आकडा गोड नाही आणि तो लपवायचं काही कारण नाही. अपघातांची मोठी कारणं होती इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. बरेच अपघात विमानाच्या पहिल्या काही तासांतच होतात. आणि अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त विमानं चालवणाऱ्याने बनवलेलीच नव्हती, जुनी विकत घेतलेली होती.

म्हणूनच ईएएचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम ऑशकॉशचा मेळावा नाही. त्यांचे 'टेक्निकल काउन्सेलर' आहेत, म्हणजे आधी विमान बनवलेले अनुभवी स्वयंसेवक. ते तुमच्या गॅरेजमध्ये येतात, सांधे बघतात, कापड चढवून सगळं झाकून टाकण्याआधी चूक दाखवतात. पहिल्या उड्डाणाआधी सल्ला देणारे वेगळे. पैसे घेत नाहीत.

आणि आपल्याकडे?

आता पुन्हा फुलसावंगीकडे येऊ. त्या तरुणाच्या हातात कसब होतं, जिद्द होती, दोन वर्षं टिकून राहायचा चिवटपणा होता. पिएतेनपोलकडेही नेमकं हेच होतं. पण पिएतेनपोलच्या वेळी आराखडे छापणारी मासिकं होती, सोबत उडणारा मित्र होता, आजूबाजूला विमानं बनवणारी माणसं होती. आपल्या पोराकडे काय होतं? 'पहिला प्रकल्प हेलिकॉप्टर घेऊ नकोस, त्यात फिरणाऱ्या पात्यांवर प्रचंड ताण असतो, त्यापेक्षा हे लाकडी विमान बघ' असं सांगणारा एक माणूस जरी ओळखीचा असता तर? आपण त्याला आधी 'देसी जुगाड' म्हणून लाइक दिले आणि नंतर श्रद्धांजली वाहिली.

नियमांच्या बाजूने पाहिलं तर अमेरिकेत १९८२ पासून ११५ किलोच्या आतल्या एका सीटच्या अल्ट्रालाइट विमानाला ना नोंदणी लागते ना पायलटचा परवाना. आपल्याकडे मायक्रोलाइटलाही डीजीसीएची नोंदणी लागते.

आणि मोठं विमान बनवायला घेतलं तर काय होतं, ते कॅप्टन अमोल यादव यांना विचारा. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान उभं केलं. सुटे भाग करून ते गच्चीवरून खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. अख्खी मुंबई बघायला आली. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडवायची परवानगी २०१९ मध्ये. चाचण्या झाल्या त्या पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर. त्यांचं स्वप्न हौशी विमानाचं नव्हतंच, त्यांना देशात विमानांचा कारखाना काढायचा होता, त्यामुळे त्यांना फोक्सप्लेनच्या फूटपट्टीने मोजणं बरोबर नाही. पण बनून तयार असलेलं, नेते-मंत्र्यांनी पाहिलेलं विमान उडायला इतकी वर्षं लागत असतील, तर एक सीटचं लाकडी विमान घेऊन जाणाऱ्या एखाद्या आयटीआयच्या मास्तरांची फाइल कुठल्या टेबलावर राहील?

ब्रॉडहेडची गवताळ धावपट्टी

ऑशकॉशच्या मेळाव्याच्या काही दिवस आधी, त्याच विस्कॉन्सिन राज्यात, ब्रॉडहेड नावाच्या छोट्या गावात दरवर्षी पिएतेनपोलवाले जमतात. धावपट्टी गवताची आहे. उघड्या कॉकपिटची विमानं, डोक्यावर पंख, समोर लाकडी पंखा. काहींना अजून मोटारीचंच इंजिन आहे. फोटो पाहिलेत तर एका विमानासारखं दुसरं दिसत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या हाताने, आपल्याला परवडेल तसं केलंय. लोक एकमेकांच्या विमानात वाकून बघतात आणि हा सांधा कसा केलास, हे लाकूड कुठून आणलंस विचारतात.

मग त्यांच्यातले काही जण ऑशकॉशलाही जातात. मोटारीने गेलं तर दोन-अडीच तासांचं अंतर आहे. वारा समोरून असेल तर हायवेवरच्या गाड्या खालून पुढे निघून जाताना दिसतात.